उपासाला ऑक्टोपस : नाक्सोस बेटावरची आमची सुट्टी

मंदारला सुट्टीबद्दल विचारलं की तो 'बघू' म्हणतो, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मला कळून चुकलंय की त्याचं 'बघू' म्हणजे 'नाही'. म्हणून 2003 च्या उन्हाळ्यात मी त्याला विचारायच्या भानगडीतच पडले नाही. ऑफिसमधल्या लंच ब्रेकमध्ये गॅटविक ते अथेन्स अशी चार तिकिटं काढली आणि संध्याकाळी मटार सोलता सोलता सांगून टाकलं, "आपण ऑगस्टमध्ये ग्रीसला चाललोय. नाक्सोस नावाचं बेट आहे. आई पण येतायत."

"आईला विचारलंस?" मंदार म्हणाला.

"तुलाच विचारलं नाही, तर त्यांना कुठून विचारणार?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आदल्या दिवाळीनंतर माझे सासरे, बाबा, गेले आणि एप्रिलमध्ये आम्ही आईंना साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी लंडनजवळ क्रॉयडनला आणलं. त्यांच्या बॅगेत दोन साड्या आणि बाकी सगळा साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा असा ऐवज होता. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी. बाबा असताना यातले निम्मेही उपास नव्हते. उरलेल्या दिवशी आमचं सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्या राहून चार घास ढकलायच्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, रक्त तपासलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "शी रिअली मस्ट ईट." मंदारनं आईंना भाषांतर करून सांगितलं, "तब्येत छान आहे म्हणतायत."

संकष्टीची तऱ्हा आणखी वेगळी. चंद्र बघायचा, नैवेद्य दाखवायचा आणि मग जेवायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण क्रॉयडनला आल्यापासून आईंना चंद्र म्हणून दिसला नव्हता. दर वेळी "ढग आहेत" म्हणून तशाच झोपायच्या आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडायच्या. जुलैत तर चंद्र शेजाऱ्यांच्या चिमणीवर येऊन बसला होता. मी बोट करून दाखवला. आईंनी भलतीकडेच बघितलं आणि म्हणाल्या, "नाही बाई दिसत." इंग्लंडच्या हवेला मी रोज नावं ठेवते, पण त्या दिवशी तिचा काही दोष नव्हता.

तेव्हा मला या सुट्टीतून एकच गोष्ट हवी होती. आईंनी एकदा तरी आमच्याबरोबर बसून, आवडीनं, पोटभर जेवावं. समुद्रबिमुद्र सगळं त्यानंतर.

आता कामाचं. आमचे पासपोर्ट ब्रिटिश, पण आईंचा भारतीय, त्यामुळे त्यांना शेंगेन व्हिसा लागला. त्याची तयारी बरीच आधी सुरू करा, कारण जुलैत अख्खं लंडन तेच करत असतं. खोलीसुद्धा आधी ठरवा. ऑगस्टच्या मध्यावर ग्रीक लोक स्वतःच सुट्टीवर असतात. आम्ही निघालो त्या आठवड्यात लंडनमध्येच अंगाची लाही लाही होत होती. आमची शेजारीण बागेत पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. बॅगा बघून म्हणाली, "व्हॉट फॉर, लव्ह? ग्रीस इज हिअर!"

ईस्ट क्रॉयडनहून गॅटविकला ट्रेन, तिथून विमान, अथेन्स विमानतळावरून पिरेयस बंदरापर्यंत बस, आणि मग फेरी. डेकचं साधं तिकीट काढलं तर स्वस्त पडतं, पाच-सहा तास लागतात. फक्त ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून वारा सुटतो तो कुणाची भीडभाड ठेवत नाही. मंदार सबंध प्रवासभर कठड्याला धरून समुद्राला नमस्कार करत होता. आमची सानिका, वय वर्षं नऊ, जन्म क्रॉयडनचा, त्याचे फोटो काढत होती. आई मात्र पदर खोचून, डोळे मिटून, तोंडानं अथर्वशीर्ष म्हणत ताठ बसून राहिल्या आणि बोटीवर एवढ्याच एका व्यक्तीला काहीही झालं नाही.

नाक्सोसच्या बंदरात शिरताना टेकाडावर एक अवाढव्य संगमरवरी दरवाजा दिसतो. देऊळ नाही, नुसती चौकट. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणी राजानं काम काढलं आणि ते अर्धवटच राहिलं. मी गाईडबुकातलं वाचून दाखवलं.

"साताऱ्यात आमच्या शेजारच्या बिल्डिंगचं असंच आहे," आई म्हणाल्या. "पण त्यांनी बघायला तिकीट नाही लावलं अजून."

इथेही तिकीट नाही, हे सांगून टाकते. सूर्यास्ताला जा.

आम्ही उतरलो आयिया आना नावाच्या किनाऱ्यावर. खाली खानावळ, वर खोल्या, खोलीत दोन शेगड्यांचा छोटा ओटा, आणि रोजचं भाडं पन्नास युरोच्या आत. मालकीणबाईंचं नाव मारुसो. साठी उलटलेली, काळा झगा, काळा रुमाल, आवाज असा की समुद्रातली बोट परत फिरावी. खानावळ बघायचा तो त्यांचा मुलगा निकोस. तो काही वर्षं जहाजावर होता, त्यामुळे त्याला इंग्रजी यायचं. मारुसोबाईंना फक्त ग्रीक, आईंना फक्त मराठी.

पहिलाच सोमवार आला, तोही श्रावणातला. दुपारी खाली जेवायला बसलो. मंदारनं निकोसला विचारलं, "माय मदर इज फास्टिंग टुडे. डू यू हॅव एनी फास्टिंग फूड?"

मी टेबलाखालून त्याला लाथ घातली. 'उपासाचे पदार्थ मिळतील' ही पाटी साताऱ्यात असते, समुद्रापार भूमध्यात कुठून असणार? पण निकोसचा चेहरा उजळला. "ऑफ कोर्स!" म्हणाला आणि आत बघून ओरडला. मारुसोबाई बाहेर आल्या. आईंकडे त्यांनी असं कौतुकानं बघितलं की आई पदर सावरून बसल्या. थोड्या वेळानं त्या स्वतः एक बशी घेऊन आल्या. लालसर, कडेनं जरा करपलेलं, वर लिंबू पिळलेलं असं काहीतरी लांबट. आईंनी एक तुकडा हातात घेऊन उन्हाला धरला.

"शेवग्याची शेंग दिसतेय. पण ही बटणं कसली गं हिला?"

"आजी, डोन्ट!" सानिका किंचाळली. "ती ऑक्टोपस आहे! त्याची एट पाय असतो!"

शेंग बशीत पडली. मग निकोसनं खुलासा केला. पंधरा ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो, आणि त्याआधीचे दोन आठवडे तिथली जुनी माणसं उपास धरतात. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध-दही-चीज नाही. ऑक्टोपस मात्र चालतो.

"का?" मी विचारलं.

"नो ब्लड," निकोस म्हणाला.

आईंना हे पटेना. त्यांनी नुसतं दही मागवलं. तिथलं दही चाकूनं कापावं इतकं घट्ट असतं, त्यावर मध घालून देतात, जरूर खा. आईंनी पहिला चमचा तोंडात घातला मात्र, मारुसोबाईंनी कपाळाला हात लावला आणि मुलापाशी तक्रार मांडली.

"आई विचारतेय," निकोस संकोचून म्हणाला, "उपासाला दही? हा कसला उपास?"

मी ते मराठीत सांगितल्यावर आईंनी चमचा खाली ठेवला. "त्यांना म्हणावं, आठ पायांचं जनावर गिळून उपास होतो होय?"

मंदार म्हणाला, "शी सेज थँक यू व्हेरी मच."

पण मी आईंकडे बघत राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांना कशाचा तरी राग आला होता. मला इतकं बरं वाटलं की मी तो ऑक्टोपस स्वतःच संपवला. चांगला लागतो.

तिथून पुढे त्या दोघींची चुरस लागली. गुरुवारी आईंनी वरच्या ओट्यावर साबुदाण्याची खिचडी केली. तुपात जिऱ्याची फोडणी पडली आणि खालची गिऱ्हाइकं वर बघायला लागली. आईंनी एका बशीत खिचडी घालून मारुसोबाईंना नेऊन दिली. त्यांनी वास घेतला, दाणे बोटानं चाचपले, निकोसकडून 'तूप' म्हणजे काय ते समजून घेतलं आणि बशी परत केली. लोण्याचा पदार्थ, त्यांच्या उपासाला बाद! उलट त्यांनी दिलेल्या घेवड्यात आईंना कांदा दिसला. चातुर्मासात कांदा बाद! हिचं तिला चालेना, तिचं हिला. शेवटी मारुसोबाई टोपलीभर बटाटे घेऊन आल्या. नाक्सोसचे बटाटे सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेले, आणि हे त्यांच्या घरच्या शेतातले. उकडलेला बटाटा, मीठ, लिंबू. दोन्ही उपासांना हे मंजूर निघालं. मागच्या पायरीवर बसून दोघींनी ते खाल्ले, एकमेकींच्या हाताकडे लक्ष ठेवून. बाकी आम्ही तिघांनी खिचडीचं पातेलं चाटून-पुसून साफ केलं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते आम्हालाच.

किनाऱ्यांबद्दल लिहायलाच हवं. आयिओस प्रोकोपिओसचं पाणी उथळ आणि काचेसारखं, मुलांना घेऊन जा. आयिया आनाच्या पुढे प्लाका नावाची पुळण सुरू होते ती संपता संपत नाही. छत्री आणि दोन खाटा मिळून सहा-सात युरो घेतात. नको असतील तर आपली चादर पसरावी, कुणी काही म्हणत नाही. त्या पुळणीवर फार पुढे चालत जाऊ नका, असं मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आम्ही रमत गमत पार टोकाला पोचलो आणि तिथे सगळी मंडळी जन्माला आली तशी पहुडलेली. मंदारला एकाएकी क्षितिजावरच्या बोटींमध्ये रस निर्माण झाला. सानिका म्हणाली, "ममी, ही लोकांचा कपडे कुठे आहेत?" एक जर्मन आजोबा नुसती गवती टोपी घालून पुस्तक वाचत होते. आईंनी पायातल्या मोज्यांसकट वाळूत उभं राहून त्यांना शांतपणे न्याहाळलं.

"टोपी घातलीय ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "ऊन फार आहे."

आतल्या गावांना बंदरापासून बस जाते. तिकीट किरकोळ, रस्ता वळणावळणाचा, ड्रायव्हर एका हातानं चालवणारा. हाल्की गावात लिंबाच्या जातीच्या फळाची गोड दारू करतात आणि चाखायला फुकट देतात. मंदार तीनदा चाखून आला. आपिरांथोसला गल्ल्यासुद्धा संगमरवरी आहेत. आणि या दोन्हींच्या मधे, झास नावाच्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी, फिलोती. मारुसोबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही तेच. पंधरा ऑगस्टच्या सणाला तिथे जत्रा भरते. त्यात मारुसो हे मारियाचंच लाडकं रूप, म्हणजे त्या दिवशी बाईंचा नामदिवस. तिकडे वाढदिवसापेक्षा हा मोठा. त्यांनी आम्हाला चौघांना जेवायला बोलावलं आणि मी ताबडतोब हो म्हटलं.

रात्री दिनदर्शिका उघडली. पंधरा ऑगस्ट, शुक्रवार. संकष्टी.

"मी येते, पण जेवणार नाही," आई म्हणाल्या. "तुम्ही जेवा. माझं उद्या बघू."

बघू! मुलगा कुणावर गेलाय ते तेव्हा समजलं. मी निकोसला गाठून सगळं सांगितलं. कांदा नको, लसूण नको, मांस-अंडं काही नको, आणि चंद्र उगवेपर्यंत काहीच नको. त्यानं फक्त शेवटचं वाक्य दोनदा विचारून घेतलं.

फिलोतीत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी चर्चमधून मेरीमातेची तसबीर मिरवून झाली होती आणि आता चौकात व्हायोलिन सुरू झालं होतं. मारुसोबाईंच्या अंगणात लांबलचक टेबल मांडलेलं, सगळं गणगोत जमलेलं, मधोमध बटाट्याबरोबर शिजवलेली बकरी. आईंसाठी वेगळ्या भांड्यांतून भात भरलेले टोमॅटो, फरसबी, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, आणि अर्थात बटाटे. कशातही कांद्याची पात नव्हती. मी एकेक झाकण उघडून बघितलं आणि पुन्हा नीट लावून ठेवलं.

मारुसोबाईंनी ताट वाढून आईंपुढे ठेवलं. आईंनी हात जोडले आणि आभाळाकडे बोट केलं. निकोसनं आईला पुन्हा समजावलं. मारुसोबाईंनी वर बघितलं. आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत, चंद्र नाही. दिनदर्शिकेतली वेळ मुंबईची आणि इथे तर पूर्वेला अख्खा डोंगर आडवा.

"जेवा तुम्ही," आई म्हणाल्या. "आज नाही दिसायचा तो."

हे ऐकून मारुसोबाईंनी आपला काटा टेबलावर आपटून ठेवला. दोन आठवडे मांसाला शिवली नव्हती ती बाई. सकाळपासून रांधता वाढताना घासभर खाल्लं नव्हतं. आणि आता हाताची घडी घालून बसली. तिच्या नामदिवसाला तिच्या टेबलावर पाहुणी उपाशी? मग तीही उपाशी. यजमानीणबाई खाईना म्हणून तिच्या जावेनं हात आखडता घेतला, मग भाच्यांनी, मग सगळ्यांनी. बकरी निवायला लागली आणि सगळं टेबल झासच्या डोंगराकडे डोळे लावून बसलं.

"मंदार, काहीतरी कर," मी म्हटलं.

"मी काय करू? चंद्र काय माझ्या डिपार्टमेंटला आहे?"

निकोस मात्र भुकेला होता. त्यानं पिकअपची किल्ली घेतली. पुढे तो आणि दोन्ही आया, मागे उघड्यावर आम्ही तिघं, बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांवर. आपिरांथोसचा रस्ता डोंगराला वळसा घालून वर चढतो आणि खिंडीत पोचलं की पलीकडचा समुद्र एकदम समोर येतो. वारा असा की माझी ओढणी गेली ती गेलीच. गाडी थांबली. मारुसोबाई आधी उतरल्या, काठावर गेल्या आणि दोन्ही हात वर करून त्या ठेवणीतल्या आवाजात ओरडल्या, "नातो! नातो!"

म्हणजे 'तो बघा'. समुद्राच्या वर चंद्र चांगला वीतभर आला होता, एका बाजूनं जरा चेपलेला.

आई गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी भलतीकडे बघितलं नाही. हुंदका आला तो आधी आम्हाला वाऱ्याचा आवाज वाटला. मंदार पुढे झाला, मी त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

"हे असेच ओरडायचे," आई म्हणाल्या. "दर संकष्टीला गच्चीत जाऊन उभे राहायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे. 'दिसला गं, पानं वाढ!' ते ओरडेपर्यंत मी कधी बघायलाही जात नव्हते. ते गेले, आणि कुणी ओरडलंच नाही. मग मी कशाला बघायचं?"

सानिकानं आजीच्या कमरेला मिठी मारली. मारुसोबाईंना शब्द एकही कळला नव्हता, पण त्यांनी आपला काळा रुमाल सोडून आईंचे डोळे पुसले आणि मग त्याच रुमालानं स्वतःचे. आईंनी प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चंद्राला अर्घ्य दिलं. शेजारी मारुसोबाईंनी छातीवर क्रूस केला. नैवेद्याचा प्रश्न निघाला तेव्हा निकोसनं गाडीतून जत्रेतले मधातले पिठाचे गोळे काढले. अंडं नाही याची मी खात्री करून घेतली. आईंनी एक हातात घेऊन फिरवून बघितला.

"मोदकाला नाक नाही," त्या म्हणाल्या, "पण चालेल त्याला." मग मंदारकडे वळल्या. "त्यांना सांग, पानं वाढा म्हणावं. भूक लागलीय मला."

या वेळी मंदारनं अगदी अचूक भाषांतर केलं.

अंगणात परत आलो तर टाळ्या पडल्या. आई टेबलाच्या मधोमध, मारुसोबाईंच्या शेजारी बसल्या आणि जेवल्या. टोमॅटो दोन, वरण ब्रेडला लावून, बटाटे पुन्हा मागून. समोर बकरीची हाडं चोखली जात होती, पण त्यांनी पदर नाकाला लावला नाही, फक्त मला म्हणाल्या, "तिकडे बघू नकोस, आपल्या पानात बघ." मी माझ्या पानात काय बघणार? मला काही दिसतच नव्हतं.

सुट्टी संपून क्रॉयडनला आलो तेव्हा उकाडा ओसरला होता आणि नेहमीचं करडं आभाळ जागेवर आलं होतं. बॅगांच्या शिवणीतून वाळू निघत होती. खर्च ठरवल्यापेक्षा बराच जास्त झाला. तुम्ही जाणार असाल तर बसनं फिरा, तळमजल्याला खानावळ असलेली खोली घ्या आणि पंधरा ऑगस्टला कुठल्या तरी डोंगरातल्या गावात असा, एवढंच सांगेन. आईंचे सगळे उपास सुटले असं काही झालं नाही. गुरुवार गेला, शनिवार गेला, सोमवार आहे.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी घाईघाईत आमटी-भात टाकला. चार पानं घेतली आणि न बोलता बसले. आई ओट्यापाशी जरा घुटमळल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. भात कालवला, घास घेतला. लग्न झाल्यापासून आईंनी माझ्या स्वयंपाकाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि बाबा गेल्यापासून कधी वाईटही म्हटलं नव्हतं.

"आमटीत गूळ कमी पडलाय," त्या म्हणाल्या. "आणि चिंच कुठल्या जन्मीची आहे ही?"

मंदारनं घाबरून माझ्याकडे बघितलं. मी आईंना आणखी एक वाटी आमटी वाढली.